पाच एकर वीस गुंठे आणि एक टिंब : एआयच्या यंत्राला अपूर्णांक समजावताना



आज अपूर्णांकांच्या रूपांतरावर लिहितोय. विषय तसा जुनाच, सहावी-सातवीचा. पण या वेळी तो माझ्याकडे पाठ्यपुस्तकातून आला नाही, एका मुलीच्या वहीतून आला. तिथून तो एआयपर्यंत गेला आणि फिरून परत फळ्यावर आला. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत हा पाठ घेता येईल. संगणक नसला तरी चालेल, म्हणून सविस्तर लिहितो.

सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन आली. घरी वाटणीचं बोलणं चाललेलं. आजोबा वारले, जमीन त्यांच्या नावावर, पाच एकर वीस गुंठे. वाटेकरी चार : आजी, वडील, काका आणि आत्या. चौघांना सारखं द्यायचं ठरलेलं. चुलतभावानं मोबाईलवरच्या एआयला विचारलं, ‘५.२० एकर जमीन चौघांत समान वाटा.’ उत्तर क्षणात आलं : प्रत्येकी १.३० एकर. वहीत कुणीतरी ठळक अक्षरात लिहिलंही होतं, ‘प्रत्येकी १ एकर ३० गुंठे.’

सगळ्यांनी मान डोलावली. फक्त चुलत आजोबा, जे चौथीपर्यंतच शिकलेत, ते बोटं मोजत बसले. चौघांचे चार एकर. तीस चोक एकशेवीस गुंठे, म्हणजे आणखी तीन एकर. झाले सात.

“रान साडेपाच एकराचं आन् वाटण्या सात एकराच्या? वरचं दीड एकर कुठून आणायचं, शेजाऱ्याचा बांध कोरून?”

मुलीनं मला विचारलं, “सर, एआयचं गणित चुकलं का?”

मी फळ्यावर भागाकार केला. ५.२० ला ४ नं भागलं तर १.३०. बरोबर आहे! आता सांगा, गणित बरोबर आणि उत्तर चूक, हे मुलांना कसं समजवायचं?

यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढंच काळजीचंही आहे. समजा पहिल्या तिघांनी १ एकर ३० गुंठे मोजून घेतलं. एकाचे ७० गुंठे, तिघांचे २१०. एकूण जमीन २२० गुंठे. म्हणजे चौथ्याच्या वाट्याला उरतात दहा गुंठे. आपल्याकडे मोजणीत शेवटचा नंबर कुणाचा लागतो हे मी सांगायला नको.

टिंब कशाचं?

चूक भागाकारात नव्हती, टिंबात होती. आपल्याकडं पाच एकर वीस गुंठे हे सर्रास ‘५.२०’ असं लिहितात. एकराचे गुंठे चाळीस. म्हणजे वीस गुंठे हा अर्धा एकर, आणि खरी जमीन ५ पूर्णांक १/२ एकर. एआयनं टिंब बघितलं आणि दशांश चिन्ह समजून घेतलं. त्याच्या हिशोबात ५.२० म्हणजे ५ पूर्णांक १/५ एकर, २०८ गुंठे. इथं बारा गुंठे गेले. मग उत्तर आलं १.३०, ते घरच्यांनी परत गुंठ्यांच्या नजरेनं वाचलं. जाताना एक अर्थ, येताना दुसरा. म्हणून बारा गुंठे कमी होण्याऐवजी साठ गुंठे वाढले.

दुसऱ्या दिवशी वर्गाला गृहपाठ दिला : घरात, गावात जिथं जिथं आकड्यात टिंब दिसेल ते उतरवून आणा. त्या दिवशी जेवढ्या वह्या भरून आल्या तेवढ्या कधी आल्या नव्हत्या. कुणी डेअरीची पावती आणली, फॅट ६.५. कुणी क्रिकेटचा धावफलक, ४.३ षटकं. कुणी एसटीची वेळ, २.४५. आणि एकानं घरातला सातबाराच आणला (लगेच परत पाठवला, कागद हरवला तर माझी धडगत नाही).

फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : टिंबाच्या पुढचे किती झाले की एक पूर्ण होतो? एकर-गुंठ्यात चाळीस. षटकात सहा. वेळेत साठ. फॅटमध्ये दहा, कारण तो खरा दशांश. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि शंभर आरचा एक हेक्टर, त्यामुळे तिथलं टिंब दशांश म्हणून वाचलं तरी बिघडत नाही. गंमत अशी की गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि आर सुमारे १०७६ चौरस फुटांचा. दोघं इतके जवळजवळ सारखे की बोलताना लोक एकाच्या जागी दुसरा वापरतात. पण एकाचे चाळीस जमले की एकर होतो आणि दुसऱ्याचे शंभर जमले की हेक्टर. घोळ तिथूनच सुरू होतो.

क्रिकेटवर मात्र कुणालाच शिकवावं लागलं नाही. ४.३ आणि ३.४ षटकं मिळून किती? मागच्या बाकावरून एकदम उत्तर : ८.१. हीच मुलं वहीत ४.३ + ३.४ = ७.७ लिहितात आणि तेही बरोबरच असतं. तेच आकडे, तेच टिंब, उत्तरं दोन. ‘एक पूर्ण कितीचा’ हे माहीत असल्याशिवाय अपूर्णांक वाचता येत नाही, हे छेदाचं सगळं प्रकरण त्या एका उदाहरणात मुलांच्या डोक्यात गेलं. छेद म्हणजे खालचा आकडा अशी व्याख्या मी वर्षानुवर्षं सांगत आलो, ती किती पोकळ आहे ते तेव्हा जाणवलं.

एआयला यंत्र देणं म्हणजे काय?

आता एआयकडे वळू. मोबाईलवरचा एआय भाषेत तरबेज असतो, कारण पुढचा शब्द कोणता यावा हे ठरवायला तो शिकलेला असतो. हिशोब त्याला जमतो, पण नेहमी बिनचूक जमेलच याची खात्री नसते. म्हणून त्याच्या हाताशी वेगळी छोटी यंत्रं देतात. यंत्र म्हणजे इथं एखादा लहानसा प्रोग्रॅम : एक अपूर्णांक बदलणारा, एक तारीख काढणारा, एक हवामान आणणारा. जो एआय काम टप्प्याटप्प्यानं करतो आणि लागेल तेव्हा अशी यंत्रं आपणहून बोलावतो, त्याला एजंट म्हणतात. ओपनएआयनं जून २०२३ मध्ये ही सोय प्रोग्रॅम करणाऱ्यांसाठी खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकनं अशी यंत्रं जोडायची एक खुली पद्धत जाहीर केली, तिचं नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. तांत्रिक भाग एवढाच पुरे.

आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे. एजंटला यंत्राच्या आतलं काही दिसत नाही. त्याला दिसतं फक्त यंत्राचं नाव आणि सोबतचं माहितीपत्रक : यंत्र काय करतं, त्याला काय द्यायचं, काय परत मिळतं. ते वाचून तो ठरवतो, बोलवायचं की नाही आणि काय भरून पाठवायचं. माहितीपत्रकात जे लिहिलं नाही ते एजंटसाठी नाहीच. लहान पोराला चिठ्ठी देऊन किराणा दुकानात पाठवतो तसं. चिठ्ठीत नुसतं ‘तेल पाव’ लिहिलं तर पाव किलो तेल येईल, नाहीतर तेल आणि बेकरीतला पाव.

मी हौसेनं थोडं पायथन शिकलोय. सुट्टीच्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर अपूर्णांक बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला : साधा अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, पूर्णांकयुक्त अपूर्णांक, एकाचं दुसरं रूप करून देणारा. प्रोग्रॅम तासाभरात झाला. त्याचं माहितीपत्रक लिहायला बसलो आणि तिथं अडलो. मग वाटलं, हे मी एकट्यानं का लिहू? वर्गाला लिहू दे.

चिठ्ठ्यांचा खेळ

तिघांचा गट केला. एक गिऱ्हाईक, एक एजंट, एक यंत्र. गिऱ्हाइकानं आपल्या बोलीत प्रश्न विचारायचा. एजंटनं स्वतः गणित करायचं नाही. त्याच्या हातात फक्त माहितीपत्रक. ते वाचून चिठ्ठी भरायची. यंत्र दाराबाहेर बसलेलं. चिठ्ठीत जे लिहिलंय तेवढंच करायचं, एजंटला उलटा प्रश्न विचारायचा नाही, अंदाज बांधायचा नाही. उत्तर चिठ्ठीच्या मागं लिहून परत.

मुलांचं पहिलं माहितीपत्रक एका ओळीचं होतं : ‘हे यंत्र अपूर्णांक बदलून देते.’

पहिलं गिऱ्हाईक : “पाऊण किलो शेंगदाणे म्हणजे किती ग्रॅम?” एजंटनं चिठ्ठीवर लिहिलं ‘पाऊण’. यंत्रानं चिठ्ठी कोरी परत केली, कारण पाऊण म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एजंटनं सुधारून ‘३/४’ पाठवलं. उत्तर आलं ०.७५. एजंट गिऱ्हाइकाला म्हणाला, “शून्य पूर्णांक पंच्याहत्तर ग्रॅम.” वर्ग खो-खो हसला. एक जण ओरडला, “एवढ्यात एक शेंगदाणा बी येणार नाही!” यंत्र चुकलं होतं का? नाही. एजंट? त्यानं आलेलं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. चुकलं ते माहितीपत्रक. उत्तर कोणत्या मापात येईल हे त्यात नव्हतं.

हा खेळ तुम्ही जरूर घेऊन बघा. एरवी मुलाचं उत्तर चुकलं की चूक त्याच्या नावावर जाते, तो गप्प बसतो. इथं चूक कागदाची असते, त्यामुळं सगळे मिळून कागद दुरुस्त करायला धावतात. एरवी तोंड न उघडणारी दोन मुलं त्या दिवशी सगळ्यात जास्त भांडली.

साडे, पावणे आणि मराठीचा हिशोब

पुढचा अडथळा आपल्याच भाषेचा. गिऱ्हाईक ‘१ पूर्णांक ३/४’ कधीच म्हणत नाही, ‘पावणेदोन’ म्हणतं. तेव्हा शब्दांचे नियम यंत्राच्या पत्रकात घालायचे ठरले. मुलांना वाटलं, पाच मिनिटांचं काम. दोन तास गेले.

पाव, अर्धा, पाऊण सोपे. सव्वा एकटा आला तर १ पूर्णांक १/४. मागं लागलेला आकडा असला तर त्यात पाव मिळवायचा : सव्वापाच. साडे एकटा कधी येतच नाही, आणि तो तीनपासून पुढं चालतो. साडेएक नाही, साडेदोन नाही, तिथं दीड आणि अडीच. पावणे उलटा : पावणेदोन म्हणजे दोनातून पाव वजा. एका मुलीनं विचारलं, “सर, सव्वादोनमध्ये दोन पूर्ण असतात, मग पावणेदोनमध्ये एकच पूर्ण कसा?” इथं मी शब्द फोडून दाखवला. सव्वा म्हणजे सपाद, पाव सह. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. पाऊण म्हणजे पादोन, पावानं उणा. आणि अडीचमध्ये जुना ‘अर्धतृतीय’ लपलाय, दोन भरले आणि तिसऱ्यातला अर्धा.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० साली लिहिली. तिच्यात अपूर्णांकांच्या रीतींना वेगवेगळी नावं आहेत. पूर्णांकात भाग मिळवायचा तो भागानुबंध, पूर्णांकातून भाग वजा करायचा तो भागापवाह, आणि भागाचा भाग काढायचा ती प्रभागजाती. आमच्या पोरांनी ही नावं ऐकली नव्हती, पण सव्वापाच हा भागानुबंध, पावणेसहा हा भागापवाह आणि ‘अर्ध्याचा पाव’ ही प्रभागजाती, हे ती रोज बोलतात.

मग आला शंभराचा गुंता. सव्वाशे किती? एजंटनं नियम वाचून चिठ्ठी भरली : १०० + १/४. यंत्रानं इमानदारीत १००.२५ दिलं. सव्वाशे म्हणजे सव्वा गुणिले शंभर, १२५. तसंच पाऊणशे ७५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५, अडीच हजार २५००, पाऊण लाख ७५,०००. नियम सापडला : आधी अपूर्णांकाचा शब्द सोडवायचा, मगच शे-हजार-लाखानं गुणायचं. हा नियम मी सांगितला नाही, मुलांनी उदाहरणं रचून काढला.

एकानं विचारलं, “मग साडेतीन शक्तिपीठांचं काय? अर्धं देऊळ कसं असतं?” तुळजापूर आपल्याच जिल्ह्यात, ते पूर्ण पीठ, अर्धं म्हणतात ते वणीच्या सप्तशृंगीला. इथं अर्धं म्हणजे मापाचं अर्धं नव्हे. पत्रकात ओळ वाढली : ‘मोजमाप नसलेल्या ठिकाणी हे यंत्र वापरू नये. उदा. साडेतीन शक्तिपीठे, साडेतीन मुहूर्त.’ मला ही ओळ सगळ्यात आवडली.

चुलत आजोबांना आम्ही एक दिवस वर्गात बोलावलं. त्यांनी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी या पाढ्यांची नावं सांगितली. औट म्हणजे साडेतीन, हे वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही औटकी पाठ नाही. आजोबांना त्यातलं निम्मंअधिक अजून येतं. बोटांवर सात एकराची चूक पकडणारं गणित कुठून आलं, याचं उत्तर मिळालं. हे पाढे आज परत घोकायला लावावेत असं माझं म्हणणं नाही. पण अपूर्णांकाचा अंदाज तोंडात असणं ही वेगळीच ताकद आहे, आणि आपण ती मुलांना दुसऱ्या कुठल्या वाटेनं देतोय का, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

दशांशात सगळं मावत नाही

यंत्रानं उत्तर कोणत्या रूपात द्यावं यावरही वाद झाला. बहुतेकांचं मत : दशांशात, मोबाईलला तेच कळतं. त्यांना एक जुना हिशोब दिला. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथं हाली रुपया चालायचा, बाहेर इंग्रजी कलदार. साधारण दर ७ हालीला ६ कलदार. म्हणजे एक हाली बरोबर ६/७ कलदार. सोलापूरच्या पेठेत जाणाऱ्याला हा अपूर्णांक पाठच लागायचा.

६/७ चा दशांश काढा म्हटलं. भागत गेले : ०.८५७१४२८५७१४२… एक मुलगा वहीच्या कडेला पोचला आणि म्हणाला, “सर, हे परत तेच यायलंय.” आवर्ती दशांश ही संकल्पना आपोआप आली. आता शंभर हालीचे किती कलदार? दर ०.८६ धरला तर ८६. खरं उत्तर ८५ पूर्णांक ५/७, म्हणजे ८५ रुपये ११ आणे आणि वर थोडं. शंभर रुपयांत चार आण्यांहून जास्त फरक. त्या काळात चार आण्यांना किंमत होती.

संगणकाचंही असंच होतं. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून बघा, ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येतं. मुलांना मी मुद्दाम दाखवलं, कारण ‘संगणक कधी चुकत नाही’ हा समज घराघरात आहे. कारण सोपं आहे. आपण दहांच्या गटात लिहितो, म्हणून छेदाचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच असतील तर दशांश संपतो. ३ किंवा ७ असला की संपत नाही. संगणक दोनांच्या गटात लिहितो, त्यामुळं त्याला ५ सुद्धा अडतो. एक दशांश त्याला नेमका लिहिता येत नाही, पण पाव, अर्धा, पाऊण अगदी नेमके लिहिता येतात. सोळा आण्यांचा रुपया त्याला सोपा गेला असता! १ एप्रिल १९५७ ला आपण शंभर पैशांचा रुपया आणला, तो माणसांना सोपा झाला.

म्हणून यंत्राच्या आत अंश आणि छेद वेगवेगळे ठेवले. पायथनमध्ये त्यासाठी फ्रॅक्शन नावाची तयार सोय आहे. उत्तरात आधी अतिसंक्षिप्त अपूर्णांक द्यायचा, मग दशांश, आणि दशांश कापलेला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं.

‘नाही’ म्हणायला शिकवणं

सगळ्यात जास्त वेळ गेला तो यंत्रानं कधी नकार द्यावा यावर. छेद शून्य असेल तर नकार, हे सगळ्यांना पटलं. पण ‘५.२० एकर’ आलं तर? काही म्हणाले, आपल्याकडं सगळे गुंठेच लिहितात, तेच धरावं. काही म्हणाले, मोजणीच्या नकाशावर खरा दशांश असू शकतो. दोन्ही बाजू बरोबर होत्या. शेवटी त्याच मुलीनं, जिच्या घरची ही गोष्ट, सांगितलं, “दोन्ही असू शकतं तर यंत्रानं धरूच नये. विचारावं.” ठरलं. खेळातला पहिला नियम, की यंत्रानं प्रश्न विचारायचा नाही, तो आम्ही मोडला.

मुलांनी लिहिलेलं शेवटचं पत्रक असं. भाषा त्यांची, मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

नाव : अपूर्णांक बदलणारे यंत्र.
काम : एक अपूर्णांक घेते आणि त्याची साधा, पूर्णांकयुक्त, दशांश आणि शेकडेवारी ही रूपे देते. मापे बदलत नाही. किलोचे ग्रॅम करायचे असतील तर आधी हे यंत्र, मग गुणाकार.
काय द्यावे : अंश आणि छेद वेगवेगळे. शब्द दिला तर पत्रकातील नियमाने आधी आकडा करावा. टिंब असलेली संख्या दिली तर ‘एक पूर्ण कितीचा’ हेही द्यावे : दशांश १०, गुंठे ४०, चेंडू ६, मिनिटे ६०.
काय मिळेल : आधी अतिसंक्षिप्त अपूर्णांक. दशांश संपत नसेल तर ‘कापलेला’ असे लिहून येईल.
कधी थांबेल : छेद शून्य असल्यास. टिंब आहे पण एक पूर्ण कितीचा ते दिले नसल्यास. तेव्हा अंदाज करू नये, माणसाला विचारावे.
वाटणीसाठी वापरल्यास : सगळे वाटे मिळवून मूळ संख्या येते का ते पाहावे. येत नसेल तर उत्तर सांगू नये.
उदाहरण : ५.२०, एक पूर्ण ४० गुंठ्यांचा. उत्तर ११/२, ५ पूर्णांक १/२, ५.५.

शेवटची अट ही चुलत आजोबांचीच बोटं आहेत, फक्त लिहून काढलेली.

पत्रक टाइप करून मी घरी एका एजंटला यंत्रासोबत जोडलं. आधी मुद्दाम मुलांचं पहिलं, एका ओळीचं पत्रक दिलं आणि तोच प्रश्न विचारला. त्यानं ५.२० दशांश धरून १.३० सांगितलं, यंत्राला बोलावलंही नाही. मग नवं पत्रक दिलं. या वेळी त्यानं उलट विचारलं, ५.२० म्हणजे ५ एकर २० गुंठे का? ‘हो’ म्हटल्यावर उत्तर आलं : प्रत्येकी १ पूर्णांक ३/८ एकर, म्हणजे १ एकर १५ गुंठे. प्रोग्रॅम तोच होता, त्यात एक अक्षर बदललं नव्हतं. पण सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या एका प्रश्नात ‘पावणेसहाशे’चं त्यानं ५७५ ऐवजी ६०० वजा १/४ केलं, नियम पत्रकात असूनही. मग पत्रकात तेच उदाहरण घातलं, तेव्हा सुधारलं. वर्गातही असंच असतं ना, नियम दहा वेळा सांगा, एक उदाहरण सोडवल्यावर कळतो.

पालकांना एक विनंती. एआयला विचारू नका असं मी म्हणणार नाही, मुलं विचारणारच. पण जमिनीचा, वेळेचा, सोन्याचा हिशोब विचारताना टिंब देऊ नका. ‘पाच एकर वीस गुंठे’ असं पूर्ण लिहा, किंवा सगळे गुंठेच करून द्या, २२०. आलेले वाटे घरात कुणाला तरी मोठ्यानं मिळवायला सांगा.

त्या मुलीनं नवा कागद केला. वर २२० गुंठे, खाली चार चौकोन, प्रत्येकात ५५. त्याखाली १ एकर १५ गुंठे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं म्हणून शेवटची ओळ तिनंच घातली, सुमारे ५५.६ आर. चुलत आजोबांनी बोटांवर मोजून बघितलं आणि कागद आजीकडं दिला. कायद्याची बाजू वकील बघतील, मोजणी सरकारी मोजणीदार करील, ते आमचं काम नाही. पण तिनं सोमवारी येऊन सांगितलं, आत्यानं त्या कागदाचा फोटो मागवून घेतला.